नाव पुसा, गोष्ट राहू द्या

'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संस्थळावर एक लेखक आहे. त्याच्या नावावर हजारो कथा आहेत. 'स्टार ट्रेक'च्या, 'हॅरी पॉटर'च्या, शेरलॉक होम्सच्या, कोरियन गायकांच्या, आणि आपण नावही ऐकलं नसेल अशा जपानी कार्टून-मालिकांच्या. काही कथा शाळकरी मुलीने सुट्टीत खरडल्यासारख्या, तर काही अशा की छापील कादंबऱ्यांनी मान खाली घालावी. हा लेखक एका कथेत विरामचिन्हांना हातही लावत नाही आणि दुसरीत अर्धविरामांची रांगोळी काढतो. कथेखाली प्रतिसाद दिला तर तो कधीही उत्तर देत नाही. त्याचं नाव 'ऑर्फन अकाउंट'. तो माणूस नाही, ती एक सोय आहे.

सोय अशी. चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या या संग्रहातून लिहिणारीला बाहेर पडायचं असेल तर तिच्यापुढे दोन मुख्य वाटा असतात. आपलं सगळं लेखन ती पुसून टाकू शकते. किंवा ते 'अनाथ' करू शकते. म्हणजे कथा जागच्या जागी राहते, तिच्यावरचे वाचकांचे जुने प्रतिसाद राहतात. लेखिकेचं टोपणनाव तेवढं निघतं आणि तिथे हे सामायिक नाव येतं. एकदा केलं की परत फिरता येत नाही. पाच वर्षांनी वाईट वाटून 'अहो, ती कथा माझी होती' असं सांगायला गेलात तर ते नाव पुन्हा चिकटवून मिळत नाही.

चाहत्यांच्या समूहांबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा थट्टेचं असतं, नाहीतर आकड्यांनी दिपून जाऊन केलेलं कौतुक असतं. मला मात्र या एका सोयीत एक जुना नैतिक प्रश्न दिसतो. समूहाचा इतिहास ज्यांच्या हातून घडला, त्यांना त्यातून उठून जाण्याचा हक्क आहे का? असेल, तर मागे बसलेल्यांच्या आठवणींचं काय करायचं? कुटुंबात, पक्षात, चळवळीत हा प्रश्न असतोच, पण तिथे तो धूसर असतो. कुणी हळूहळू येईनासं होतं, कुणाचं नाव घेणं थांबतं. इथे त्या प्रश्नाला बटण आहे.

टोपणनावाची एवढी निकड का पडली हे कळायला समूह कसा वाढला ते थोडं पाहावं लागतं. 'स्टार ट्रेक' ही मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ला सुरू झाली आणि १९६९मध्ये बंद पडली. तिच्या चाहत्यांचं पहिलं अनियतकालिक, 'स्पॉकॅनेलिया', १९६७मध्येच निघालं, म्हणजे मालिका अजून चालू असताना. असे अंक स्टेन्सिलवर टंकून सायक्लोस्टाइल करायचे, पानं जुळवून पिना मारायच्या आणि टपालाने पाठवायचे. (आपल्याकडची लघुनियतकालिकंही त्याच सुमाराला याच यंत्रावर निघत होती; शाईने बरबटलेली बोटं दोन्हीकडे सारखीच.) लिहिणाऱ्या आणि संपादन करणाऱ्या बहुतांश बायका होत्या. किंमत खर्चापुरती ठेवायची, कारण नफा दिसला की मालिकेच्या मालकांचे वकील येणार ही धास्ती. वाचकांच्या पत्रांना वाहिलेले स्वतंत्र अंक निघत आणि त्यांत पत्राखाली पुष्कळदा लिहिणारीचा घरचा पूर्ण पत्ता छापलेला असे. त्यात धोका कुणाला वाटत नसे. अंक मोजक्या लोकांच्या हाती पडे आणि त्यांतले बरेचसे संमेलनांमधून तोंडओळखीचे झालेले असत.

सत्तरच्या दशकात याच अंकांमधून कर्क आणि स्पॉक यांना एकमेकांचे प्रियकर मानून लिहिलेल्या कथा येऊ लागल्या. छापील स्वरूपातली पहिली १९७४ची मानली जाते. त्या काळच्या अमेरिकेत शाळेत शिकवणाऱ्या किंवा घटस्फोटानंतर मुलांचा ताबा मागणाऱ्या बाईच्या नावावर अशी कथा सापडणं ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. काहींनी टोपणनावं घेतली. काहींनी नाही घेतली. मैत्रिणींत कशाला लपवायचं?

मग इंटरनेट आलं. यूजनेटवर पूर्वी दर सप्टेंबरात विद्यापीठांतले नवे विद्यार्थी येत, महिनाभर गोंधळ घालत आणि हळूहळू रीतभात शिकत. १९९३पासून व्यावसायिक सेवांनी सर्वसामान्य ग्राहकांनाही आत सोडायला सुरुवात केली, नव्यांचा ओघ थांबेना, आणि जुन्यांनी त्या महिन्याला 'कधीच न संपलेला सप्टेंबर' असं नाव दिलं. 'एक्स-फाइल्स' मालिका नेमकी त्याच महिन्यात सुरू झाली. दोन पात्रांची जोडी जमावी म्हणून देव पाण्यात घालून बसणाऱ्यांना 'शिपर' म्हणतात, तो शब्द तिच्याच चाहत्यांचा. न संपलेल्या सप्टेंबराची तक्रार मी तेव्हापासूनच्या प्रत्येक पिढीच्या तोंडून ऐकलेली किंवा वाचलेली आहे, आणि गंमत अशी की तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपण मात्र ऑगस्टात आलो होतो.

पुढची वाढ म्हणजे स्थलांतरांची मालिका आहे. १९९८मध्ये 'फॅनफिक्शन डॉट नेट' सुरू झालं. २००२मध्ये त्याने फक्त प्रौढांसाठी असलेल्या कथा काढून टाकल्या. लोक 'लाइव्हजर्नल'वर गेले. तिथे मे २००७च्या अखेरीस, बाहेरच्या एका गटाच्या तक्रारींवरून, कंपनीने सुमारे ५०० खाती एका झटक्यात बंद केली. बंद खात्यांच्या नावावर आडवी रेघ मारलेली दिसे, म्हणून चाहते त्या घटनेला 'स्ट्राइकथ्रू' म्हणतात. त्यांत अत्याचारातून वाचलेल्यांचा एक आधारगट होता, आणि नाबोकोव्हच्या 'लोलिता' कादंबरीवर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा एक गटसुद्धा होता. कंपनीने माफी मागितली, बरीच खाती परत आली, पण विश्वास परत आला नाही. त्याच महिन्यात 'फॅनलिब' नावाची एक कंपनी चाहत्यांच्या फुकट श्रमांवर धंदा उभारायला निघाली होती. २६ ऑक्टोबर २००९ला याहूने 'जिओसिटीज' बंद केलं आणि नव्वदच्या दशकात घरगुती हातांनी सजवलेली असंख्य पानं गेली. स्वयंसेवकांनी धावपळ करून उचलली तेवढी वाचली. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा आपल्यातल्याही अनेकांनी हे थोड्या प्रमाणात भोगलं आहे.

दुसऱ्याच्या जागेत भाडेकरू म्हणून राहायचं तर मालकाच्या मर्जीवर इतिहास टिकणार. सर्व्हर आपल्या मालकीचे हवेत, हा आग्रह त्यातून आला. २००७मध्ये 'ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. कादंबरीकार नेओमी नोविक तिच्या संस्थापकांपैकी एक. संस्थेचा संग्रह १४ नोव्हेंबर २००९ला सगळ्यांसाठी खुला झाला. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या नावात व्हर्जिनिया वूल्फच्या १९२९च्या 'अ रूम ऑफ वन्स ओन'चा पडसाद आहे. त्या पुस्तकातल्या 'स्वतःच्या' खोलीच्या जागी इथे 'आपल्या' सगळ्यांचा संग्रह आला, हा बदल मला महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या खोलीची किल्ली एकीकडे असते. आपल्या सगळ्यांच्या खोलीत एकीने आपलं सामान उचलायचं ठरवलं तर काय, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

आज हा समूह आपले सण साजरे करतो. १५ फेब्रुवारी २०१४ला संग्रहात दहा लाखावी रचना आली. पुढच्या वर्षापासून तो दिवस 'आंतरराष्ट्रीय फॅनवर्क्स दिन' म्हणून पाळला जातो. नाताळच्या सुमाराला 'यूलटाइड' नावाची कथांची देवाणघेवाण होते, २००३पासून. फारसे चाहते नसलेल्या पुस्तका-मालिकांवर कुणीतरी अनोळखी माणसासाठी कथा लिहून भेट द्यायची. ऑगस्ट २०१९मध्ये डब्लिनला संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुरस्कार घ्यायला गेलेल्या नोविक यांनी सभागृहातल्या संग्रहाशी संबंधित सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि ठिकठिकाणी माणसं उभी राहिली. पुढचे काही आठवडे हजारो लोक 'मीपण ह्यूगो विजेती, एक दशलक्षांश का होईना' असं म्हणत मिरवले. पुरस्काराच्या नाममुद्रेची राखण करणारी मंडळी त्यावर गंभीर झाली: पुरस्कार संग्रहाला आहे, त्यातल्या कथांना नाही. कायद्याच्या बाजूने त्यांचं बरोबर असेलही. पण त्या सभागृहात कोण उभं राहिलं नाही, हा मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो. ज्यांच्या कथांनी ती इमारत उभी राहिली, त्यांतल्या कित्येकजणी कधीच्या निघून गेलेल्या होत्या, आणि काहींनी जाताना नावही नेलं होतं.

इस्रायली तत्त्वज्ञ अविशाय मार्गालिट यांचं 'द एथिक्स ऑफ मेमरी' हे पुस्तक (२००२) एका नावापासून सुरू होतं. एका लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखालचा सैनिक आपल्याच बाजूच्या गोळीबारात मारला गेला होता. पुढे वर्तमानपत्रात आलं की त्या अधिकाऱ्याला सैनिकाचं नावही आठवत नव्हतं, आणि लोक संतापले. मार्गालिट विचारतात की लोकांचा राग नेमका कशावर होता? नाव नसतं आठवलं, पण तो मुलगा कसा होता हे आठवलं असतं, तर चाललं असतं का? त्याच पुस्तकात ते आणखी एक भेद करतात. एखादी घटना अनेकांना आपापली आठवणं ही एक गोष्ट; त्या सगळ्यांनी एकमेकांना सांगून, तुकडे जोडून एक आठवण तयार करणं ही दुसरी. दुसऱ्या प्रकारात श्रमविभागणी असते. मी सगळं लक्षात ठेवायची गरज नसते, कारण काही भाग तुझ्याकडे आहे हे मला ठाऊक असतं.

चाहत्यांचा संग्रह ही अशी श्रमविभागणीच आहे, अगदी शब्दशः. वाचकांना कथा सापडाव्यात म्हणून लेखकांनी दिलेल्या वाट्टेल त्या खुणा स्वयंसेवक बसून एकमेकींना जोडत असतात; कर्क-स्पॉकच्या जोडीचं नाव चाळीस तऱ्हांनी लिहिलं तरी ते एकाच जागी पोचतं ते या बिनपगारी कामामुळे. पण अधिकाऱ्याच्या गोष्टीत नाव विसरणं हा अपराध आहे, आणि इथे नाव विसरणं ही लिहिणारीने मागितलेली सेवा आहे. आठवणाऱ्याचं कर्तव्य आपण नेहमी गृहीत धरतो. आठवलं जाणाऱ्याची संमती हा विषय फारसा निघत नाही, कारण स्मारकं बहुधा मेलेल्यांची असतात.

टोपणनाव म्हणजे खोटं नाव, असं मानणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की कुसुमाग्रज खोटे आणि शिरवाडकर खरे असं आपण कधी म्हणालो नाही. मराठी आंतरजालावर, मायबोलीच्या १९९६च्या सुरुवातीपासून पुढे, जे वावरले त्यांना 'आयडी' म्हणजे काय हे समजावायला नको. आयडीला स्वभाव असतो, वैरी असतात, जुन्या मैत्रिणी असतात, त्याचा शब्द वजनदार किंवा हलका असतो. 'आयडी उडाला' या आपल्या खास शब्दप्रयोगात जी हळहळ (किंवा जो आनंद) असतो तो एखादं खोटं नाव गेल्याचा नसतो. तेव्हा कथा अनाथ करणारी बाई आपलं कायदेशीर नाव लपवत नाही, ते तर आधीच लपलेलं होतं. ती एक पूर्ण माणूसपण काढून घेते, दहा-पंधरा वर्षांत कमावलेलं. त्या नावाशी ज्यांची मैत्री होती त्यांचा त्यात काहीच वाटा नाही का?

वाटा आहे, आणि तरी निर्णय तिचाच असला पाहिजे, असं मला वाटतं. कारण कथा आणि नाव या दोन निराळ्या प्रकारच्या वस्तू आहेत. कथा तिने दिलेली आहे. यूलटाइडच्या भेटीसारखी, परतफेडीची अट न घालता. नाव तिने दिलेलं नव्हतं, त्या नावाने ती फक्त वावरत होती. दिलेल्या वस्तूवर घेणाऱ्यांचा थोडा हक्क तयार होतो. वावरण्यावर तो होत नाही. माझ्याकडे वीस वर्षं येणारी पाहुणी उद्यापासून येणार नाही म्हणाली तर मला दुःख होईल, पण तिने यावं असा दावा मी लावू शकत नाही. अनाथ करण्याच्या सोयीने या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. वाचकांचा हक्क कथेपाशी थांबवला आणि लेखिकेचा नावापाशी. इतकी नेमकी वाटणी मी वारसाहक्काच्या कायद्यांतही क्वचित पाहिली आहे.

अवघड भाग पुढे आहे. ज्यांनी काहीच सांगितलं नाही त्यांचं काय? याच संस्थेचा 'ओपन डोअर्स' नावाचा प्रकल्प आहे. जुने, कुणा एकीच्या पदरच्या पैशांवर चाललेले संग्रह बंद पडायला आले की चालवणारी यांच्याकडे येते आणि कथा मोठ्या संग्रहात हलवल्या जातात. 'द सेंटिनल' मालिकेच्या चाहत्यांचा '८५२ प्रॉस्पेक्ट' असा वाचला, 'स्टार ट्रेक'चा 'ट्रेकीव्हर्स'ही. हलवताना प्रत्येक लेखिकेला तिच्या जुन्या पत्त्यावर ईमेल जाते: तुमच्या कथा आणतो आहोत, त्या तुमच्या खात्यात घ्या, अनाथ करा किंवा पुसायला सांगा. आता १९९७ साली विद्यापीठाने दिलेला ईमेलचा पत्ता आज कोण वाचणार? पत्र परत येतं. तरीही कथा हलते, जुन्या नावानिशी, आणि पुढे कधी लेखिका उगवली तर तिची इच्छा चालते.

मौनाला संमती मानायची ही पद्धत तशी धोक्याची. पण दुसरा पर्याय असा की पत्ता मेला म्हणून कथाही मेली. ज्यांनी काही सांगितलं नाही त्यांतल्या बहुतेकांना कथा बुडावी असं वाटत असेल, हे मानायला मला काही आधार दिसत नाही. त्या कथा एका उघड्या संग्रहात होत्या, आता दुसऱ्या उघड्या संग्रहात आहेत. वाचकवर्ग तोच, रीतभात तीच. इथे हेलन निसेनबॉम यांचा विचार कामाचा ठरतो. त्यांच्या 'प्रायव्हसी इन कॉन्टेक्स्ट' (२०१०) या पुस्तकाचा गाभा असा की खासगीपणा म्हणजे गुप्तता नव्हे. माहिती ज्या संदर्भात सांगितली त्या संदर्भाला साजेशी ती पुढे जाते की नाही, हे पाहायचं. डॉक्टरला सांगितलेलं दुसऱ्या डॉक्टरला कळणं वेगळं आणि ऑफिसात कळणं वेगळं, जरी ते कधीच 'गुपित' नसलं तरी.

या कसोटीवर कथांचं स्थलांतर पास होतं. सत्तरच्या दशकातले सायक्लोस्टाइल अंक स्कॅन करून जालावर टाकणं मात्र माझ्या मते नापास होतं, निदान सरसकट तरी. ती पत्रं, तो घरचा पत्ता, ते खरं नाव ओळखीच्या काही शे वाचकांसाठी होतं. शोधयंत्रात आडनाव टाकणाऱ्या नातवासाठी किंवा नोकरी देणाऱ्यासाठी नव्हतं. आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संस्थेच्या भागीदारीत असे अंक जतन करायला घेतले आहेत, आणि वाचनकक्षात जाऊन, खोकं मागवून, कागद हातात घेऊन वाचणं यात एक नैसर्गिक गाळणी आहे. ज्याला खरंच वाचायचं आहे तो पोचतो. सहज हाती लागणं आणि उपलब्ध असणं यांतला हा फरक डिजिटल जतनाच्या उत्साहात पार विसरला जातो. चाहत्यांचा इतिहास लिहिणाऱ्या 'फॅनलोर' या विकीवर तर कुणाचं टोपणनाव तिच्या खऱ्या नावाशी परस्पर जोडायला मनाई आहे. या विषयावरच्या संस्थेच्याच संशोधनपत्रिकेत अभ्यासकांना सुचवलेलं असतं की चाहतीच्या नोंदीचा हवाला देण्याआधी तिची परवानगी घ्या. प्राध्यापक मंडळी यावर कुरकुर करतात. करू देत.

आणि ज्या पुसून टाकतात त्या? मला स्वतःला हे सर्वांत जड जातं. कारण वर म्हटलं तसं दिलेल्या वस्तूवर घेणाऱ्याचा थोडा हक्क होतो, आणि इथे देणारी भेट परत घेऊन जाते. एखादी कथा तुम्ही आजारपणात पाच वेळा वाचलेली असते, सहाव्यांदा गेल्यावर पान रिकामं. तरी हा हक्क हवा. तो नसता तर पहिल्या पानावरच पुष्कळजणींचा हात थबकला असता. जिथून परत फिरता येत नाही तिथे माणूस आत शिरताना दहा वेळा विचार करतो. मग ज्यांनी कथा उतरवून घेतली होती (संग्रहच तशी सोय देतो) त्यांनी काय करावं? यावर चाहत्यांमध्ये दर थोड्या दिवसांनी भांडण होतं. 'ती अमुक कथा कुणाकडे आहे का?' अशी विचारणा येते. एक गट म्हणतो द्या, दुसरा म्हणतो लेखिकेने पुसली आहे, लाज वाटत नाही का. माझा कल मधला आहे. आपल्याजवळ ठेवावी. मैत्रिणीने विचारलं तर द्यावी, आजीच्या पाककृतींची वही देतो तशी. चव्हाट्यावर मांडू नये. हे तर्काने पूर्ण सिद्ध होत नाही हे मला कळतं. दहा मैत्रिणींना दिली की चव्हाटाच झाला, असं कुणी म्हणेल. पण रीतभात अशा सिद्ध न होणाऱ्या मधल्या जागांमध्येच राहते.

पुसण्याच्या हक्काला एक मर्यादा मात्र मी घालते. २००९च्या सुरुवातीला लाइव्हजर्नलवर विज्ञानकथा आणि चाहत्यांच्या जगातल्या वंशवादावर महिनोन्‌महिने मोठा वाद पेटला होता. 'रेसफेल' या नावाने तो ओळखला जातो. बिगर-गोऱ्या वाचक-लेखिका सांगत होत्या की या कथांमध्ये आम्ही कशा दिसतो, आणि त्यांना मिळालेली उत्तरं पुष्कळदा हिणकस होती. नंतर अनेकांनी आपल्या नोंदी पुसल्या किंवा कुलूपबंद केल्या. वाद चालू असताना चिकाटीने दुवे जमवून ठेवणाऱ्या काहीजणी होत्या म्हणून त्याचा माग राहिला. इथे पुसणं तटस्थ नाही. ज्याला बोललं गेलं त्याच्या मनात ते राहतं आणि जो बोलला त्याचं पान कोरं होतं. कथा ही माझी देणगी आहे, पण मी दुसऱ्याला केलेला अपमान ही माझ्या एकटीच्या मालकीची वस्तू नाही. त्यात दुसऱ्याचं अर्धं आयुष्य अडकलेलं असतं. तिथे विसरलं जाण्याचा हक्क सांगणं म्हणजे भांडणात साक्षीदाराला घरी पाठवण्यासारखं आहे.

समूहाचे सण या बाबतीत फार विसरभोळे असतात. स्ट्राइकथ्रू दरवर्षी आठवला जातो, कारण त्यात शत्रू बाहेरचा होता. रेसफेलचा वर्धापनदिन कुणी केक कापून करत नाही. संस्थेने जून २०२०मध्ये वंशवादाविरुद्ध काही पावलं उचलण्याचं जाहीर केलं, ती पुरेशी उचलली गेली नाहीत म्हणून मे २०२३मध्ये चाहत्यांनीच निषेधमोहीम चालवली. आपल्या कथांच्या शीर्षकांत आणि ओळखचित्रांत त्यांनी मागणी लिहिली. मला ती मोहीम संग्रहावरचा हल्ला वाटली नाही. संग्रह आपला आहे असं मानणाऱ्यांनीच ती चालवली. परक्याच्या घरातल्या गळक्या छपराबद्दल कुणी इतकं भांडत नाही. सोहळ्याच्या दिवशी जी आठवण काढली जात नाही ती जपण्याचं काम बहुधा ज्यांना सोहळ्यात नीट जागा मिळाली नव्हती त्यांच्यावर येऊन पडतं, हाही श्रमविभागणीचाच एक प्रकार, आणि त्यातला सर्वांत अन्यायाचा.

नवीन येणाऱ्या मुलींना यातलं बरंचसं ठाऊक नसतं. जुन्या कथांच्या डोक्यावर 'ही पात्रं माझी नाहीत, कृपया खटला भरू नका' अशी विनवणी का असते, याचं त्यांना हसू येतं. ती विनवणी ज्या भीतीतून आली ती भीती त्यांना नाही, हे चांगलंच आहे. ज्यांनी ती घालवली त्यांची नावं माहीत नाहीत, याचं मला जरा वाईट वाटतं. पण त्या नावांतली काही आता 'ऑर्फन अकाउंट' आहेत. शोधायला जाणं म्हणजे त्यांनी बंद केलेलं दार ठोठावणं.

मृत्यूसाठीही संग्रहात एक व्यवस्था आहे. हयात असताना आपण दुसऱ्या एखाद्या सभासदाला आपली 'फॅन-जगातली जवळची नातेवाईक' म्हणून नेमू शकतो; आपल्यामागे आपल्या खात्याचं आणि कथांचं काय करायचं ते ती सांगते. ठेवायच्या, अनाथ करायच्या की पुसायच्या. रक्ताच्या नातेवाइकांना पुष्कळदा या कथांचा पत्ताच नसतो, म्हणून ही तजवीज. मृत्युपत्र आणि अशी नेमणूक, दोन्हीही माणसं उद्यावर ढकलतात. मग एखादी अर्धवट कथा तशीच राहते, बारापैकी नऊ प्रकरणं झालेली, लेखिकेचं नाव शाबूत. खाली प्रतिसाद येत राहतात. पहिल्या वर्षी विचारतात, पुढचा भाग कधी? तिसऱ्या वर्षी विचारतात, तुम्ही बऱ्या आहात ना? सातव्या वर्षी कुणीतरी नवी मुलगी येते, एका रात्रीत नऊ प्रकरणं वाचते, वरचे प्रतिसाद न बघताच लिहिते: पुढचा भाग कधी?